कपाएवढा घास

४ मार्च

ताई,

नमस्कार, विनंती विशेष वगैरे सगळं तूच मनातल्या मनात घालून घे. मला ते लिहिताना हसू येतं आणि तुला वाचताना. भावोजींना नमस्कार मात्र खराखुरा. त्यांचा खोकला गेला का? तुझ्या गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? माझं बरं चाललंय. वजन विचारू नकोस.

पत्र बघून दचकली असशील. फोनच करणार होते. पण गेल्या खेपेला तू "काय? काय म्हणतेस? फोन खरखरतोय तुझा" करत राहिलीस आणि शेवटी वैतागून तो भावोजींच्या हातात दिलास. म्हणून मी नवा फोन घेतला, तर तोही तुला खरखरतो. मोबाइलवर लिहून पाठवावं तर तुझं उत्तर ठरलेलं, एक अंगठा. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे गं, त्याला अंगठा पुरणार नाही. म्हणून कागद. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय, म्हणजे दोन ओळी लिहिते, उठते, खिडकी उघडते, बंद करते, परत बसते. पेनाने टेबल बडवणं चालूच आहे. शेजारीणबाईंनी मघाशी भिंतीवर थाप मारली. मीही उलट मारली. आता त्या बोलणार नाहीत आठवडाभर.

तर झालं असं. शनिवारी हॉलमधला आमचा कार्यक्रम संपला. कीबोर्डवाला आणि बासवाला नेहमीप्रमाणे आपापली एकेक पेटी उचलून गाडीशी जाऊन उभे, आणि मी एकटी ड्रम सोडवत बसलेले. तू म्हणतेस ना, बासरी शिकली असतीस तर खिशात घालून घरी आली असतीस. तेवढ्यात एक माणूस स्टेजवर चढला. बूट गुळगुळीत, दाढी गुळगुळीत, बोलणं तर त्याहून. सिंबल बनवणाऱ्या कंपनीचा साहेब. सिंबल म्हणजे आपली थाळी. माझ्या ड्रमवर चार थाळ्या टांगलेल्या असतात, त्यातल्या तिघींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ चौथीपाशी, आपल्या खाल्लेलीपाशी गेला, तिच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हा एवढा घास कुणी घेतला?"

मी म्हटलं, "उंदरांनी."

हसला नाही. हसल्यासारखं केलं. तेव्हापासून आम्ही त्याला गुळगुळीतच म्हणतो.

त्याने विचारलं आणि मला तुझं वर्कशॉप डोळ्यांसमोर आलं. आठवतं का तुला? थाळीला काठापाशी चीर गेली होती, संध्याकाळी कार्यक्रम, नवी घ्यायची ऐपत नाही, आणि मी तुझ्या त्या एसीच्या हवेच्या पत्र्याच्या नळकांड्यांच्या ढिगाऱ्यात बसून भोकाड पसरलेलं. तू हातातलं काम टाकून आलीस, चीर बघितलीस, म्हणालीस, "ठेवलीस तर पुढे पळत जाईल." मग तुझा चहाचा कप थाळीच्या काठावर उपडा ठेवलास, पेन्सिलीने अर्धा गोल मारलास आणि ग्राइंडर लावला. मी बोंबलत होते, तू ऐकत नव्हतीस. चिरेसकट तेवढा तुकडा खाली पडला. काठ कानशीने घासलास आणि थाळी माझ्या मांडीवर टाकलीस, "घे. वाजव, नाहीतर रड."

मी आधी रडले, मग वाजवली. डबा पडल्यासारखा आवाज आला. झ्यांग व्हायच्या आतच फस्स. पण महिन्याभरात माझा हात त्या फस्सला सरावला, आणि मग लोक सरावले. आता लोक मला त्याच आवाजावरून ओळखतात. रेकॉर्डिंगमध्ये कुठेही तो आला की म्हणतात, ही ती बाई.

आणि कंपनीला तो आवाज विकायचा आहे. माझ्या नावाची थाळी, ताई! दुकानात, खोक्यात, खोक्यावर माझा फोटो, आणि कारखान्यातूनच प्रत्येकीला घास काढलेला. मला सगळं वाद्यसामान फुकट. गावोगावी शिबिरं, स्टँड उचलायला माणसं. ताई, स्टँड उचलायला माणसं! मी ते ऐकलं आणि माझी कंबरच "हो" म्हणाली.

इथपर्यंत छान. पण घोडं पेंड खातं ते पुढे. एक तर यापुढे मी स्टेजवर आणि रेकॉर्डिंगला फक्त त्यांच्याच थाळ्या वाजवायच्या. खाल्लेली वाजवायची नाही. ती त्यांच्या शोरूममध्ये काचेच्या कपाटात जाणार, खाली दिवा वगैरे लावून. आणि एक छोटी फिल्म करायची आहे त्यांना, त्यात मी सांगायचं की हा आवाज मी कसा शोधला. गुळगुळीत म्हणाला, "तुम्हीच कापली असणार, नाही का? कलावंताच्या मनातला आवाज, आणि तो मिळत नाही म्हणून स्वतःच्या हाताने..." मी नुसतं "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ त्याने सोयीने लावला असणार.

बासवाल्याला विचारलं तर म्हणाला, "घे की. उद्या कपबशीवर पण फोटो येईल तुझा." कीबोर्डवाला म्हणाला, "मूर्ख आहेस का, सही कर." घरी येऊन आरशात बघितलं, खोक्यावर कशी दिसेन ते. हो, बघितलं. तुझ्यापाशी काय लपवायचं?

आता तू सांग. तुझं ऐकेन. इतके कार्यक्रम झाले, प्रत्येकाला पहिल्या रांगेत तू, आणि नंतर दरवेळी तेच वाक्य, "बाकीचं मला कळत नाही बाई, पण तुझी खाल्लेली तेवढी ओळखते मी." त्या थाळीवर हक्क असलाच तर तुझाच.

आणि हो, भावोजींना सांग, स्टेजवरून सगळं दिसतं म्हणावं. अख्खा कार्यक्रम तुझ्या गुडघ्यावर हात! बासवाला म्हणतो, "तुझे भावोजी भलतेच रंगेल." या वयात शोभतं का?

तुझी,
टकटक


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. चार ओळी! तुझी बिलं यापेक्षा मोठी असतात.

"घे. लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये. मी रोज पत्रा कापते, त्यातला एक तुझा. माझं नाव कुठे घालू नकोस, लोक हसतील."

कोण हसेल, सांग मला. मी ते वाचून इतकी चिडले की वड्याचं तेल वांग्यावर निघालं, सरावाला गेले आणि बासवाल्यावर ओरडले. तो बिचारा त्या दिवशी चक्क वेळेवर आला होता.

पण मूळ गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणाला सांगितलेली नाही. मंगळवारी मी त्यांच्या कारखान्यात जाऊन आले. नमुन्याची थाळी तयार झालीय, येऊन बघा, असं गुळगुळीतचं बोलावणं होतं. मनातून मी देवाकडे काय मागत होते माहितेय? ती भिकार निघू दे. म्हणजे मला नाही म्हणता येईल आणि वर नाकही उंच राहील.

आधी त्यांनी मला मोजमाप करणाऱ्या इंजिनिअरबाईंकडे नेलं. मापं घ्यायला दिलेली खाल्लेली आठवडाभर त्यांच्याकडे होती, तिचे फोटो, आकृत्या, भिंतभर. बाई अगदी मनापासून विचारत होत्या, "ही वक्रता तुम्ही कशी ठरवलीत? आम्ही कमी करून पाहिली, आवाज जातो. वाढवून पाहिली, आवाज जातो." आता काय सांगू, चहाचा कप? त्यातही तुझा तो कान तुटलेला? मी म्हटलं, "हाताला आली तशी." त्या बाईंनी ते लिहून घेतलं गं! हसू दाबता दाबता माझ्या पोटात दुखायला लागलं.

हसू तिथेच संपलं. तिथून मला वाजवायच्या खोलीकडे पाठवलं. दाराबाहेर बाक होता, बसले. आत रेकॉर्डिंग लावलेलं होतं, माझंच. बंद दारातून नुसते ड्रमच ऐकू येत होते. मी बाकावर मांडीवर ठेका धरला. बरं वाजवलं होतं मी. कुठला कार्यक्रम होता ते आठवत बसले. शेवटाकडे तो फस्स आला, बरोबर मी जिथे किंचित उशिरा घालते तिथेच, आणि मी स्वतःशी म्हटलंदेखील, वा बाई, काय जागा घेतलीस!

दार ढकलून आत गेले. रेकॉर्डिंग नव्हतंच. एक टकलू गृहस्थ ड्रमवर बसले होते, माझ्याच वयाचे, काठी काखेत धरून बिस्कीट खात. कंपनीचे वाजवून दाखवणारे. दुकानादुकानांतून जातात आणि गिऱ्हाइकांना वाजवून दाखवतात. समोर ती नवी थाळी. घास अगदी कपाएवढा.

"या या," म्हणाले. "तुमची रेकॉर्डिंगं ऐकून ऐकून बसवलंय. जमलंय का बघा." इतका सज्जन माणूस, बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं. तोंडात फिरत राहिलं नुसतं.

ताई, मी मलाच ओळखलं आणि ती मी नव्हते.

मग मी वाजवली ती नवी. दोन्ही शेजारी टांगून, आलटून पालटून वाजवली. मला फरक कळेना. जरा जास्तच चांगली आहे नवी. तुलाच सांगतेय. काठ सारखा आहे, हाताला लागत नाही. गुळगुळीत कोपऱ्यात उभा राहून हसल्यासारखं करत होता.

तेव्हापासून झोप नाही की जेवण नाही. बसले तरी पाय हलतात. मला आधी वाटत होतं प्रश्न करारावर सही करायची की नाही हा आहे. पण हा आवाज उद्या कुणीही दुकानातून खोक्यात घालून नेणार आणि त्यात माझं वाजवणंही त्या टकलूंसारखं कुणीही बसवणार, मग मला कशाला कोण बोलावील? माझ्यात दुसरं आहे काय? एवढी वर्षं मी ज्याला माझं माझं म्हणत होते ते तू कप ठेवून कापलेलं आणि त्याने ऐकून बसवलेलं. मधे मी कुठे आहे? मला भीती वाटतेय, ताई. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

नमुन्याची थाळी त्यांनी मला घरी दिलीय, सवय व्हावी म्हणून. आणि खाल्लेलीही परत आणलीय, सही होईपर्यंत. दोघी पलंगाखाली शेजारी शेजारी पडल्यात. मी असं ठरवलंय की रविवारी दोघींना घेऊन तुझ्याकडे यायचं. तू म्हणशील ती पूर्व दिशा. खाल्लेली तेवढी ओळखते म्हणतेस ना? मग ओळख. तुला फरक कळला, तर जगात निदान एका माणसाला कळतो, आणि मी सही करणार नाही. नाही कळला तर करीन आणि पुन्हा रडगाणं गाणार नाही.

साखर कमी घालून चहा ठेव. कुठल्या कपात ते तू जाणतेस.

तुझी,
टकटक


२९ मार्च

ताई,

सुखरूप पोहोचले. बसमध्ये जागा मिळाली. दोन थाळ्या मांडीवर धरून बसले तर शेजारचे आजोबा म्हणाले, "लग्नाची भांडी का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

तू दिलेला लोणी-पाव वाटेतच संपला. वर्कशॉप छान ठेवलंयस हं. पत्रा वाकवायचं नवं मशीन जुन्यापेक्षा बरं दिसतं, जागाही कमी खातं. पंख्याला तेल घाल. किती कुरकुरतो तो, तुला...

हे मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा पंख्याशीच येऊन अडकले. म्हणजे आता लिहायलाच हवं.

त्या दिवशी भावोजी माल पोचवायला गेले होते. तू स्टुलावर बसलीस, मी दोघींना स्टँडवर टांगलं. घास तुझ्या बाजूला दिसू नयेत म्हणून दोघींच्या माना फिरवून ठेवल्या. मी खाल्लेली वाजवली. तू म्हणालीस, "वा!" मग नवी वाजवली. तू म्हणालीस, "वा! ही पण तीच. काही फरक नाही, घे तू." मला बरं वाटायला हवं होतं. सुटले, असं वाटायला हवं होतं.

पण मी ड्रमवाली आहे गं. कुणाची दाद कधी पडते ते मला कळतं. तोच माझा धंदा. लोकांची दाद आवाजाच्या मागून येते, जराशी मागून. तुझी बरोबर काठीबरोबर आली. तुझे डोळे थाळीवर नव्हतेच, माझ्या हातावर होते.

मग मी तिसऱ्यांदा हात उचलला. तुला आठवत असेल, "आणखी एकदा ऐक" म्हणाले होते. जोरात आणला खाली. आणि थाळीच्या वर बोटभर अंतरावर थांबवला.

मी काठी लावलीच नाही, ताई.

वर्कशॉपमध्ये नुसता पंखा कुरकुरत होता. आणि तू डोळे मिटून, मान हलवून म्हणालीस, "हीच बघ. हीच आपली."

मग तू चहा करायला उठलीस. पाठमोरी होतीस. मी मागून हाक मारली. साधी, मग मोठ्याने. मग जे विचारायचं होतं तेही विचारलं, तुझ्या पाठीला. तू चमचा ढवळत राहिलीस. वळलीस तेव्हा हसत होतीस आणि हातात तो कान तुटलेला कप होता. मी तो घेतला, तोंड तुझ्याकडे करून, ओठ नीट हलवत म्हटलं, "ठरलं मग. करते सही." तुझा चेहरा इतका फुलला की पुढे काही बोलणं माझ्याने झालं नाही. चहा पिऊन निघाले. गोड केला होतास, कमी सांगितली होती तरी.

बसमध्ये सगळं एकेक करून जागेवर बसलं. माझे दोन्ही फोन धड होते. भावोजींचा हात! मी मूर्खासारखी थट्टा करत बसले आणि ते गुडघ्यावर बोटं दाबून तुला सांगत होते, गाणं संपलं, आता टाळ्या वाजव. आणि "खाल्लेली तेवढी ओळखते" म्हणजे काय तेही कळलं. ती फिरते, घास दिसतो. तू बघून ओळखत होतीस.

मला आधी राग आला तो सांगते. खूप राग आला. त्या पत्र्यावर आयुष्यभर ठोकत बसलीस, कानात काही घाल म्हणून मी कानीकपाळी ओरडले, तर म्हणायचीस, कान झाकले तर पत्र्याचं दुखणं कसं कळेल. घे आता. मग भावोजींचा राग आला, तेही सामील म्हणून. मग माझा, की मला कळलंच नाही. स्टेजवरून सगळं दिसतं म्हणे! आणि सगळ्यांत जास्त राग याचा की मी एवढा मोठा कौल तुझ्याकडे मागितला, आणि तू काहीही न ऐकता मला देऊन टाकलास. का, तर मला ते हवं होतं हे तुला चार ओळींच्या आधीच कळलं होतं. मला हवंच होतं गं. पहिल्यापासून. खोक्यावरचा फोटोही, स्टँड उचलणारी माणसंही. तुझ्याकडून "घे" ऐकायचं होतं म्हणून तर एवढी पानं काळी केली.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेजारीणबाई विचारायला आल्या, काय झालं, बडवणं बंद का? काय सांगणार त्यांना?

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, अगदी भांडी घासताना. मला भीती कसली होती? की लोक माझ्याकडे त्या आवाजासाठी येतात, आणि तो दुसऱ्याला आला की येणार नाहीत. पण जी बाई दर कार्यक्रमाला दोन बस बदलून, दुखरे गुडघे घेऊन येते, पहिल्या रांगेत बसते, तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तरी ती येत होती. मग येत कशाला होतीस तू? मी भांडी तशीच टाकून खाली बसले आणि रडले, त्या दिवशीसारखं, भोकाड पसरून. या वेळी ग्राइंडर घेऊन कुणी आलं नाही.

विकू दे त्यांना तो आवाज. खोक्यात घालून न्यायचा त्याला नेऊ दे. मी टकलूंना फोन करून म्हटलंसुद्धा, शेवटची जागा आणखी किंचित उशिरा घ्या, छान लागेल. फार खूश झाले.

पण गुळगुळीतला मी बोलावून घेतलं आणि दोन ओळी खोडायला लावल्या. पहिली म्हणजे मी कापली ती ओळ. म्हटलं, थाळी माझ्या बहिणीने कापली, वर्कशॉपमध्ये, चहाचा कप उपडा ठेवून. फिल्ममध्ये तेच येईल, खोक्यावरही तेच छापायचं. त्याचा चेहरा पहिल्यांदा खडबडीत झाला. "मॅडम, कप... लोकांना जरा प्रेरणादायी..." मी म्हटलं, "मग राहू द्या, पेन आत ठेवा." तो उठून बाहेर जाऊन कुणाकुणाशी बोलून आला. कप चालेल म्हणाला. इंजिनिअरबाईंनी म्हणे कपाचं माप मागवलंय, डोक्याला हात लावून. तू लोक हसतील म्हणाली होतीस, तर हसणारी पहिली मी.

दुसरी ओळ कपाटाची. ती मूळ थाळी मला देता येत नाही म्हटलं, माझी नाही ती. हे त्याने बरंच ताणलं आणि शेवटी सोडलं. पण स्टेजवर वाजवायची नाही ही अट त्याने सोडली नाही, आणि मीही मग धरून बसले नाही. सही केली. झालं.

म्हणजे येत्या शनिवारी हॉलमध्ये खाल्लेली शेवटची वाजेल. तिथून ती तुझ्याकडे येणार. वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांग, नाहीतर तिच्यात खिळे ठेव, तुझी मर्जी.

पण शनिवारी तू पहिल्या रांगेत बसायचं नाहीस. मी हॉलवाल्याशी बोललेय. माझ्या डाव्या हाताला, स्टेजवरच, लाकडी चौथऱ्यावर तुझं स्टूल असेल. चपला काढून बस. तो चौथरा पोकळ आहे, मोठ्या ड्रमवर पाय पडला की सगळा थरथरतो, माझ्या पोटऱ्यांना रोज कळतं. मी उद्या बासवाल्याला तिथे अनवाणी उभं करून बघणार आहे. त्याला आधीच घाम फुटलाय. खाल्लेलीचं काही तळपायाला कळेल असं मला वाटत नाही, ती फारच हलकी. पण तिचा स्टँड तुझ्या हाताशी असेल. धरून बस. कळलं तर कळलं.

आणि "वा" म्हणायचं नाही. काही कळलं नाही तर कळलं नाही म्हण. मला चालेल. तू नुसती बसलीस तरी मला चालेल, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगते.

भावोजींना म्हणावं, आता गुडघ्यावर बोटं दाबायला नकोत, त्यांनी खाली बसून सुखाने गाणी ऐकावीत. पहिल्या पत्रातल्या थट्टेबद्दल त्यांचे पाय धरते.

त्या दिवशी तुझ्या पाठीला जे विचारलं होतं, ते आता कागदावर विचारते, म्हणजे फोन खरखरतोय म्हणायची सोय नाही. अंगठा चालणार नाही, चार ओळीही चालणार नाहीत. सगळं लिही.

कधीपासून?

तुझी,
टकटक